आधी वाढवा, मग काढा

२००७ मध्ये जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमध्ये शल्यविशारद हान्स श्लिट पित्तनलिकेच्या कर्करोगासाठी यकृताचा उजवीकडचा मोठा भाग काढायला निघाले होते. पोट उघडल्यावर लक्षात आलं, की डावीकडे जो तुकडा उरेल त्यावर रुग्ण तगणार नाही. श्लिट यांनी उजवा भाग काढलाच नाही. यकृत चिरून दोन भाग वेगळे केले, उजवीकडे जाणारी पोर्टल शीर बांधली आणि पोट शिवलं. आठव्या दिवशीच्या सीटी स्कॅनमध्ये डावा तुकडा थक्क व्हावं इतका वाढलेला दिसला. आजारी भाग मग काढता आला.

यकृत पुन्हा वाढतं, हे आपण शाळेपासून ऐकतो; पण ते पालीच्या शेपटीसारखं उगवत नाही. कापलेला भाग गेला तो गेलाच. उरलेल्या भागातल्या पेशी विभागतात आणि तोच भाग मोठा होतो. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्ये उंदरांचं दोन तृतीयांश यकृत काढून ही वाढ अभ्यासली. उंदरात ती आठवड्या-दहा दिवसांत बरीचशी भरून निघते.

माणसाला धोका असतो तो मधल्या दिवसांत. रक्त गोठवणारी प्रथिनं, साखरेचा तोल, अमोनियाचा निचरा हे सगळं एकट्या तुकड्यावर येतं. शिवाय यकृताला मिळणारं सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेनं येतं आणि आता ते सगळं एवढ्याशा जागेतून रेटलं जातं. हाच रेटा पेशींना वाढायला लावतो आणि तो अती झाला तर तुकडा निकामीही करतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी स्कॅनवर हिशेब होतो: निरोगी यकृत किमान २० ते २५ टक्के उरायला हवं, सिरोसिस असेल तर ४० टक्क्यांच्या आसपास.

तेवढं उरत नसेल, तर आजारी बाजूची पोर्टल शीर सुईवाटे आतून बंद करून चार ते सहा आठवडे थांबण्याची पद्धत जपानी डॉक्टरांनी १९८० च्या दशकात रुळवली. श्लिट यांचा मार्ग झपाट्याचा. २०१२ च्या पहिल्या अहवालात २५ रुग्णांमध्ये नऊ दिवसांत साधारण ७४ टक्के वाढ नोंदली गेली, पण १२ टक्के रुग्ण दगावले. थांबायला वेळ असेल तिथे थांबणंच मला शहाणपणाचं वाटतं.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तातलं फॉस्फरस घसरतं आणि रिपोर्ट पाहून नातेवाईक धास्तावतात. ते बरंचसं लघवीतून निघून जातं, पण ही घसरण यकृताच्या वाढीसोबतच येते. ते भरून द्यावं लागतं. मात्र ते घसरलंच नाही, तर डॉक्टरांना जास्त काळजी वाटते. वाढीला प्रथिनंही लागतात. आपल्याकडे ‘लिव्हरचं दुखणं’ म्हटलं की उसाचा रस पुढे येतो आणि डाळ, अंडी, दूध बंद होतं. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर हे पथ्य रुग्णाचं नुकसानच करतं.

वाढीसाठी औषध देता येईल का? ट्युबिंगेनच्या लार्स झेंडर यांच्या गटानं यकृतपेशींच्या विभागणीला आवर घालणारं ‘एमकेके-४’ हे प्रथिन हेरलं. ते रोखणारं औषध दिल्यावर ८५ टक्के यकृत काढलेली डुकरं यकृत निकामी होण्यापासून वाचली, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. निरोगी स्वयंसेवकांमध्येही ते सुरक्षित आढळलं. पण ज्यांचं यकृत कापावं लागतं, ते रुग्ण बहुतेकदा कर्करोगाचे असतात. यकृताला वाढीची मोकळीक देताना मागे राहिलेल्या कर्करोगाच्या पेशींनाही ती मिळत नाही ना, हे त्यांच्यातच बारकाईनं पाहावं लागेल.