कळतं पण वळत नाही, ते वळतं कसं?

पन्नासच्या दशकात नव्या दिल्लीत बदलीवर आलेल्या चार्ली नावाच्या एका कॅनडियन गृहस्थानं वर्तमानपत्रात जाहिरात दिली. दारू सोडायची आहे पण सुटत नाही, अशा माणसांना तो शोधत होता. मुंबईहून हॅरॉल्ड नावाच्या माणसाचं उत्तर आलं. दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, भारतातला आपला जन्मदिवस ५ मे १९५७ मानते, तो या ओळखीतून. दोघांची आडनावं सांगायची नाहीत, ही त्या संघटनेची रीत.

चार्लीकडे ना औषध होतं, ना दवाखाना. दारू सोडलेल्या माणसानं दारू सुटत नसलेल्या माणसाशी बोलायचं, एवढंच त्याच्याकडे होतं. या साध्या रीतीचं मूळ शोधत गेलं की आपण चर्चच्या दारात पोचतो.

आधी सवयीचं बघू. एखादी गोष्ट पुन्हापुन्हा केली की मेंदू तिचा ताबा विचार करणाऱ्या भागाकडून काढून आतल्या खोल केंद्रांकडे सोपवतो. मग संध्याकाळचे सात वाजणं, ठरावीक मित्र, ठरावीक नाका एवढंही पुरतं. पाय आपोआप वळतात. आणि सवय मोडली तरी जुना माग पुसला जात नाही. शेतातली पायवाट वापर थांबल्यावर गवताखाली जाते, पण असतेच. म्हणून दहा वर्षं न प्यायलेला माणूसही एका घोटानं मागे जाऊ शकतो. ‘मनावर घे, सुटेल’ हा घरोघरचा सल्ला इथेच तोकडा पडतो. जे मन आवरायचं, तेच तर ओढलं गेलेलं असतं. संत पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात हीच तडफड मांडली आहे: जे करू नये असं वाटतं, तेच हातून घडतं. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा कबुलीजबाब आजच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या कुणाचाही वाटेल.

आता त्या चर्चमधल्या मुळाकडे, म्हणजे फ्रँक बुकमनच्या गोष्टीकडे. हा अमेरिकन लूथरन पाद्री फिलाडेल्फियात गरजू मुलांचं वसतिगृह चालवत होता. खर्चावरून संचालकांशी बिनसलं, त्यानं राजीनामा दिला आणि सहा संचालकांबद्दलचा राग उराशी धरून तो युरोपभर हिंडला. राग हेच त्याचं व्यसन. १९०८ साली इंग्लंडमधल्या केझिक गावी एका लहानशा चॅपेलमध्ये, मोजक्या माणसांसमोर, एक बाई ख्रिस्ताच्या क्रुसाविषयी बोलत होत्या. ऐकता ऐकता बुकमनला उमगलं, की त्या सहांच्या जोडीला सातवा दोषी आपण आहोत. त्यानं सहाही जणांना क्षमा मागणारी पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. तरी राग गेला! समोरच्यानं क्षमा करण्यावर सुटका अवलंबून नव्हती, आपली बाजू निस्तरण्यावर होती. मला या सगळ्या कहाणीतली ही सर्वांत थोर जागा वाटते.

या अनुभवातून बुकमनचा ऑक्सफर्ड ग्रुप वाढला. छोट्या बैठकीत आपले दोष उघड बोलायचे, झालेलं नुकसान भरून द्यायचं, रोज शांत बसून देवाचं ऐकायचं, आणि मग दुसऱ्याला हात द्यायचा. पुढे याच चळवळीचं नाव मॉरल री-आर्मामेंट पडलं. पाचगणीचं एशिया प्लॅटो हे तिचंच केंद्र, १९६०च्या दशकात राजमोहन गांधींच्या पुढाकारानं उभं राहिलेलं.

न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन या ग्रुपमध्ये आला तो एका जुन्या पिणाऱ्या मित्रामुळे. डिसेंबर १९३४ मध्ये त्याची दारू सुटली. पाच महिन्यांनी अॅक्रन शहरात त्याचा एक सौदा फिसकटला. हॉटेलच्या लॉबीत तो एकटा उभा होता. एका बाजूला बारमधला हसण्याचा आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि चर्चची यादी. त्यानं एका पाद्र्याला फोन लावला आणि विचारलं, मला भेटता येईल असा कुणी दारुडा गावात आहे का? दुसऱ्याला सावरायला गेलं तरच आपण सावरू, हे त्याला त्या क्षणी कळलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बॉब स्मिथ भेटले. पंधरा मिनिटांत निघायचं म्हणून आलेले बॉब रात्री अकरानंतर उठले. त्यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ रोजी. एएचा जन्म तोच. सुरुवातीच्या मंडळींचं आवडतं वाचन म्हणजे येशूचं डोंगरावरचं प्रवचन आणि बायबलातलं याकोबाचं पत्र. एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा, हे सांगणारं पत्र ते हेच.

पुढे एएच्या मार्गाच्या बारा पायऱ्या लिहिताना नास्तिक सभासदांनी हट्ट धरला, आणि ‘देव’ या शब्दापुढे ‘आम्हाला जसा उमगला तसा’ असं जोडलं गेलं. त्या जोडणीमुळेच विठ्ठलाचं नाव घेणारा, नमाज पढणारा, काहीच न मानणारा, सगळे एका खोलीत बसू शकले. श्रद्धेनं स्वतःचं दार इतकं रुंद करावं, यात तिचं सामर्थ्य दिसतं.

आपल्याकडे या वाटेला आणखी एक वळण मिळालं. मुंबईचे फादर जो परेरा स्वतः दारूत अडकले आणि एएच्या मदतीनं सुटले. पुण्याच्या योगाचार्य बी. के. एस. अय्यंगारांचे ते शिष्य. १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये त्यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं आणि बारा पायऱ्यांना योगासनांची जोड दिली. शरीरानं शिकलेली ओढ शरीरालाच शिकवून उतरवायची, हा त्यामागचा विचार. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हे सगळं भाबडं वाटत असेल, तर अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारा २०२० चा कॉक्रेन आढावा बघावा. २७ अभ्यास, १०,५६५ माणसं. पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एएच्या वाटेनं नेणारे पद्धतशीर उपचार इतर मान्यताप्राप्त उपचारांहून सरस ठरले. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण फुकट मिळणाऱ्या उपायानं एवढी मजल मारावी हे विलक्षणच.

घरात कुणी अडकलं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. बरीच वर्षं भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू तोडली तर झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टर गाठा. आणि सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर विनाशुल्क आहे. आजच फोन करा.