बांधाशेजारची जमीन आणि सहा टक्के

आमच्या कळंबात जमिनीचा सौदा होतो तेव्हा एकाच जमिनीला तीन किमती असतात. पहिली पारावर, दोघा-चौघांच्या साक्षीने ठरलेली. दुसरी सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातली, जिला सगळे रेडी रेकनर म्हणतात. तिसरी खरेदीखतात लिहिलेली, आणि ती बहुतेक वेळा दुसरीला चिकटून असते. मी दस्त लिहिण्याचं काम करतो. पहिली किंमत पक्षकार मला सांगत नाहीत. पण गावातच राहत असल्यामुळे ती माझ्या कानावर आल्याशिवाय राहत नाही.

या तीन किमतींमागे एकच कारण आहे: मुद्रांक शुल्क. हा कर जमिनीवर नाही, उत्पन्नावर नाही, नफ्यावरही नाही. जमीन एका हातातून दुसऱ्या हातात गेली, एवढ्याचवर तो आहे. जमीन पन्नास वर्षं एकाच घरात राहिली तर हा कर एकदाही लागत नाही. तीच जमीन पन्नास वर्षांत पाचदा विकली गेली तर पाचदा लागतो. व्यवहारावरच्या कराचा हा मूळ स्वभाव लक्षात ठेवला की पुढचं सगळं उलगडत जातं.

एक हिशेब मांडतो. घोडनदीकाठच्या आमच्या शिवारात असे जोडीदार सहज सापडतात. एका शेतकऱ्याचा मुलगा चाकणला कंपनीत लागला. मागे राहिलेलं एकरभर रान तो कसाबसा बाजरीला लावतो. त्याच्या लेखी त्या रानाची किंमत वीस लाख. बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्याकडे विहीर आहे, ठिबक आहे, घरात कष्ट करणारी माणसं आहेत. तो तिथे टोमॅटो घेईल, कांदा घेईल. त्याच्या लेखी किंमत एकवीस लाख. साडेवीस लाखांना सौदा झाला तर दोघांचाही पन्नास-पन्नास हजारांचा फायदा. आता मुद्रांक शुल्क, जिल्हा परिषदेचा अधिभार आणि नोंदणी फी धरा. दर ठिकाणाप्रमाणे बदलतात. हिशेबाच्या सोयीसाठी सगळं मिळून सहा टक्के धरू. म्हणजे एक लाख तेवीस हजार. दोघांचा मिळून फायदा होता एक लाखाचा. सौदा मोडला.

इथे नेमकं काय झालं ते नीट पाहिलं पाहिजे. सरकारला एक रुपया मिळाला नाही, कारण दस्तच झाला नाही. विकणाऱ्याचे पन्नास हजार गेले, घेणाऱ्याचे पन्नास हजार गेले आणि ते दुसऱ्या कोणाच्याही खिशात पडले नाहीत. रान बाजरीतच राहिलं. मुद्रांक विभागाच्या वार्षिक आकड्यांत झालेल्या दस्तांची वसुली दिसते. न झालेल्या दस्तांचं नुकसान कुठेच लिहिलं जात नाही. अर्थशास्त्रात या नुकसानाचा एक ढोबळ नियम आहे. कराचा दर दुप्पट केला की हे वाया जाणारं नुकसान दुप्पट न होता साधारण चौपट होतं. म्हणून ‘एक टक्का वाढवला तर काय बिघडलं’ हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. आधीच पाच टक्के असताना वाढवलेला सहावा टक्का हा पहिल्या टक्क्यापेक्षा कितीतरी महाग पडतो.

कॅनडातल्या टोरांटो शहराने २००८ साली घरविक्रीवर नवा हस्तांतरण कर बसवला. विक्री किमतीच्या साधारण १.१ टक्के. शहराच्या हद्दीतली आणि हद्दीलगतची घरं ताडून अर्थतज्ज्ञांनी पाहिलं, तर शहरातले व्यवहार सुमारे १५ टक्क्यांनी घटले होते. घरांच्या किमतीही जवळपास कराइतक्याच उतरल्या होत्या.

ही दुसरी गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना पटते. आपल्या कायद्यात खरेदीखताचं मुद्रांक शुल्क घेणाऱ्याने भरायचं असतं. गावातही सगळे म्हणतात, ‘स्टॅम्प घेणाऱ्याचा.’ पण घेणारा आधी सगळा खर्च जोडतो, मग भाव बोलतो. त्याच्याकडे वीस लाख साठ हजार असतील तर त्यातून कर वजा करूनच तो आकडा सांगणार. चलनावर नाव घेणाऱ्याचं असतं, पण भार पडतो तो ज्याला थांबता येत नाही त्याच्यावर. आणि आमच्या भागात कोण थांबू शकत नाही? ज्याच्या घरात दवाखान्याचं बिल आहे, ज्याची पोरगी लग्नाची आहे, ज्याच्या कर्जाची मुदत संपली आहे तो. हौसेने जमीन विकणारा शेतकरी मी क्वचितच पाहिला. बहुतेक विक्री अडचणीतली असते, आणि त्या अडचणीतून हा कर आपला वाटा घेतो.

न झालेल्या दस्तांपेक्षाही मला जास्त काळजी वाटते ती अर्धवट झालेल्यांची. कर वाचवायचा म्हणून लोक नोंदणीच टाळतात. कमी रकमेच्या स्टॅम्पवर विसार पावती लिहायची, पैसे द्यायचे, ताबा घ्यायचा आणि ‘खरेदी मागून करू’ म्हणायचं. वर्षं जातात. रान एक जण कसतो, सातबारा दुसऱ्याच्या नावावर. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदवलीच पाहिजे, असं १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. त्याशिवाय मालकी मिळत नाही. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून सोसायटीचं पीककर्ज नाही, विम्याला अडचण, ठिबकच्या अनुदानाला अडचण. मूळ मालक वारला की त्याची मुलं वारसनोंद लावतात आणि त्यांना जुनी विसार पावती आठवत नाही. वाचवलेल्या लाखाच्या कितीतरी पट पैसा मग कोर्टात जातो.

कागदावर कमी किंमत लावण्याचाही असाच हिशेब चुकता करावा लागतो, आणि तो एकट्या विकणाऱ्या-घेणाऱ्याला नव्हे, साऱ्या शिवाराला. पुणे-नाशिक महामार्गाचं चौपदरीकरण झालं, मंचरला आणि नारायणगावला बाह्यवळण रस्ते झाले. तेव्हापासून भूसंपादन हा शब्द या पट्ट्यातल्या प्रत्येक घरात माहीत आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदल्यासाठी बाजारभाव काढताना एकीकडे रेडी रेकनरचा दर पाहतात. दुसरीकडे परिसरातली मागच्या तीन वर्षांतली नोंदणीकृत खरेदीखतं घेऊन, त्यांतल्या चढ्या भावाच्या निम्म्या खतांची सरासरी काढतात. दोन्हींत जो जास्त, तो धरतात. पण गावातली सगळीच खरेदीखतं रेडी रेकनरला चिकटवून लिहिलेली असतील, तर ‘जास्त’ आणायचं कुठून? ज्याने आयुष्यात जमीन विकली नाही, खोटा आकडा लिहिला नाही, त्याचंही रान शेजाऱ्यांच्या कागदावरच्या भावाने जातं. कराचा दर जितका चढा, तितका खरा भाव लपवण्याचा मोह मोठा. खरा भाव लपला की गावाला स्वतःच्या जमिनीची किंमत सिद्ध करता येत नाही.

कर उतरवल्यावर काय होतं ते महाराष्ट्राने २०२० मध्ये पाहिलं. करोनाच्या टाळेबंदीनंतर राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सवलत दिली, पुढे मार्चअखेरपर्यंत दोन टक्क्यांची. डिसेंबरमध्ये एकट्या मुंबईत साडेएकोणीस हजारांच्या वर नोंदण्या झाल्या. यातले काही व्यवहार पुढच्या वर्षीचे अलीकडे ओढलेले होते, हे खरं. तरीही पाचाचे दोन टक्के झाल्यावर माणसं घराबाहेर पडून दस्त करतात, एवढं त्यातून दिसलं.

मला मात्र मुंबईच्या फ्लॅटांपेक्षा जवळची वाटते ती सलोखा योजना. तिच्यामागचा इतिहास आमच्यासारख्या गावांत अजून जिवंत आहे. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. त्याखाली गावोगाव एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कागदावर जमिनींची अदलाबदल झाली, पण जिथे आजोबांनी ताली घातल्या, आंबा लावला, तिथून माणसं हलली नाहीत. त्यामुळे एकाच्या नावची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, अशा जोड्या तयार झाल्या. दोघांनाही ते मान्य असतं. भांडण असलंच तर पुढच्या पिढीचं. दोन सह्या केल्या की प्रश्न सुटतो. पण त्या अदलाबदलीवर बाजारभावाने मुद्रांक शुल्क लागायचं. जी जमीन मी अनेक वर्षं कसतोच आहे, ती माझ्या नावावर करायला लाखभर रुपये का मोजू? असं म्हणून लोक कागद बाजूला ठेवत.

जानेवारी २०२३ मध्ये शासनाने निर्णय काढला: अशा अदलाबदलीला मुद्रांक शुल्क एक हजार रुपये, नोंदणी फी एक हजार रुपये. अट अशी की जमीन किमान बारा वर्षं परस्परांच्या ताब्यात असावी; तलाठी आणि मंडळ अधिकारी पंचनामा करतात. योजनेची मुदत दोन वर्षांची होती, ती पुढे वाढवली. मला यातलं मोल वाटतं ते तत्त्वाचं. या अदलाबदलीतून सरकारला आधी काही मिळतच नव्हतं, कारण दस्तच होत नव्हते. जो कर कोणी भरत नाही पण ज्याच्या भीतीने काम अडतं, तो उतरवल्याने तिजोरीचं काहीच जात नाही. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ केली, तेही याच वाटेने. वाटणीला मुद्रांक शुल्क नाममात्रच होतं, पण नोंदणी फी जमिनीच्या किमतीच्या एक टक्का, कमाल तीस हजार. चार भावांचं कुटुंब तेवढ्यासाठी तोंडी वाटणीवर राहायचं.

जमिनीची ही चर्चा निघाली की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. ‘दादा, मग सगळेच कर काढून बँकेच्या व्यवहारावर एकच कर का नाही लावत?’ ही कल्पना महाराष्ट्रातलीच आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या अनिल बोकील यांच्या अर्थक्रांती प्रतिष्ठानने ती घरोघरी पोचवली: आयात शुल्क सोडून बाकीचे कर रद्द, बँकेत जमा होणाऱ्या प्रत्येक रकमेवर एकच व्यवहार कर, मोठ्या नोटा बंद. तिच्यामागची तळमळ खरी आहे. करांच्या जंजाळाने गांजलेल्या माणसाला ती भावते, यात नवल नाही. तरीही मला ती मान्य नाही, आणि कारण नारायणगावच्या टोमॅटो बाजारात रोज उभं असतं.

एक क्रेट टोमॅटो ग्राहकाच्या पिशवीत जाईपर्यंत पैसा किती वेळा हात बदलतो ते मोजा. रोपवाटिकेला, मल्चिंग पेपरवाल्याला, खत-औषधाच्या दुकानदाराला, बांबू-तारवाल्याला, तोडणीच्या मजुरांना. मग व्यापाऱ्याकडून शेतकऱ्याला, परराज्यातल्या व्यापाऱ्याकडून इथल्याला, गाडीवाल्याला, तिथल्या किरकोळ विक्रेत्याकडून घाऊकवाल्याला. प्रत्येक जमेवर दोन टक्के धरले तर कर करावर चढत जातो. जीएसटीत आधीच्या टप्प्यावर भरलेल्या कराची वजावट मिळते; व्यवहार करात ती नसते. रोपापासून दुकानापर्यंत सगळं स्वतःच करणाऱ्या मोठ्या कंपनीला मात्र हा कर जेमतेम एक-दोनदा लागेल. म्हणजे छोटा शेतकरी, छोटा व्यापारी, छोटा गाडीवाला यांची साखळी तोडायला बक्षीस. ब्राझीलने १९९७ ते २००७ बँक व्यवहारांवर कर लावून पाहिला. त्याचा दर ०.३८ टक्क्यांपर्यंत गेला, आणि तरी बाकीचे कर तिथे राहिलेच. आपल्याकडेही बँकेतून मोठी रोख काढण्यावर २००५ पासून ०.१ टक्का कर होता. तो २००९ मध्ये रद्द झाला.

सरकारची बाजूही खरी आहे. मुद्रांक आणि नोंदणीतून राज्याला वर्षाला पन्नास हजार कोटींच्या वर मिळतात. गोळा करायला हा कर सोपा आहे, कारण मालकी हवी असणारा स्वतःच्या पायाने चलन घेऊन येतो. त्यातला वाटा जिल्हा परिषदेकडे आणि तिथून ग्रामपंचायतीकडे येतो. आमच्या वस्त्यांवरच्या रस्त्यांत तो पैसा आहे. तो एका झटक्यात बंद करा, असं मी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या सरकारने २०१२ मध्ये मुद्रांक शुल्क हळूहळू काढून जमिनीवरचा वार्षिक कर वाढवायला घेतलं, आणि त्यासाठी वीस वर्षांचा कालावधी ठरवला. आपल्याकडे दुष्काळ आणि पडलेल्या भावांत शेतकऱ्यावर वार्षिक कर वाढवणं मला पटत नाही.

माझं मागणं त्याहून लहान आहे. सलोख्याला लावलेला नियम बांधाशेजारच्या खरेदीलाही लावा. लागून असलेलं रान शेजारी शेतकऱ्याने घेतलं आणि दोन तुकड्यांचा एक झाला, तर मुद्रांक शुल्क ठरावीक हजार-दोन हजार असू द्या. गुंतवणूक म्हणून पुण्याहून येऊन पाच एकर घेणाऱ्याला पूर्ण दर राहू द्या. तुकडे जोडावेत म्हणून १९४७ पासून कायदा आहे. जोडणाऱ्याकडून सहा टक्के घेणं त्याच कायद्याच्या विरोधात जातं. आणि कळंबात किंवा शेजारी एकलहऱ्यात ज्यांच्या जमिनी आजही एकमेकांच्या ताब्यात आहेत, त्यांनी दोन्ही घरचे सातबारे आणि चतुःसीमा घेऊन तलाठ्याकडे जावं, योजनेची मुदत विचारावी आणि पंचनाम्याचा अर्ज करावा. ज्या म्हाताऱ्यांना कोणती ताल कोणाची हे माहीत आहे, ते आज पंचनाम्याला उभे राहू शकतात.