छपराचे पाणी परड्यातच जिरवू या

बेळगावकरांना पाऊस नवा नाही. पण अंगण, बोळ, रस्त्याची कड असे सगळेच फरशीने आणि काँक्रीटने बंद झाल्यावर पाण्याने जायचे कुठे? ते गटारात जाते, गटारातून बळ्ळारी नाल्यात. नाला फुगला की शहापूर-वडगावच्या शिवारात भाताची रोपे पाण्याखाली कुजतात. आपल्या दारातून गेलेले पाणी असे कुणाच्या तरी ताटातला घास नेते.

हिशेब करून पाहा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे २३०० लिटर पाणी जमते. म्हणजे दीडशे घागरी!

आमच्या परड्यात भिंतीपासून दहा फूट लांब मी एक उथळ खळगा केला आहे. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, वीतभर खोल. गच्चीचा पाइप त्यात सोडला आहे. एका वेळी हजारभर लिटर पाणी मावते, वरचे एका कडेने गटाराला लागते.

खळग्याच्या तळाशी वाळा आणि वेखंड लावले, काठावर अडुळसा आणि निर्गुडी. ही आपल्या मातीतली झाडे. पावसात चार दिवस पाय ओले राहिले तरी वाळा तक्रार करत नाही आणि उन्हाळ्यातही तग धरतो. त्याची मुळे पुरुषभर खोल जातात. त्या वाटेने पाणी मुरते आणि माती धरून राहते.

शेजारच्या काकूंनी विचारले, "डास नाही का गं होणार?" अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. पाणी एक-दोन दिवसांत जिरले तर भीती नाही. म्हणून आधी फूटभर खड्डा खणून पाण्याने भरावा. दिवसभरात जिरले तर जागा योग्य. तांबड्या मातीत ते लवकर मुरते. काळ्या मातीत वाळू आणि शेणखत मिसळावे लागते. शौचालयाच्या टाकीजवळ मात्र खळगा नको.

ऑगस्ट २०१९ सारखा महापूर अशा खळग्यांनी थांबणार नाही. पण नेहमीच्या सरींचे पाणी गल्लीतल्या दहा घरांनी अडवले, शाळेच्या मैदानाकडेला आणि बागांतूनही अडवले, तर नाल्यावरचा भार नक्की हलका होईल. मृगाआधी कुदळ हाती घ्या. खर्च फारसा नाही; दोन दिवसांचे काम आहे.