रक्त पातळ करणाऱ्या कॅप्सुला : घ्याव्यात की न घ्याव्यात?



तोडलेला ऊस चार दिवस फडात पडून राहिला की उतारा घसरतो, हे आपणांस सांगायला नको. उसातच असलेले इन्व्हर्टेज नावाचे एन्झाइम साखर फोडून तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज करते, मग त्याची दाणेदार साखर काही होत नाही. एन्झाइम म्हणजे सजीवांच्या पेशींत तयार होणारे, एक ठराविक काम झपाट्याने उरकणारे प्रथिन.

हल्ली अशीच एन्झाइमे ‘हृदयासाठी’ म्हणून डब्यांत भरून विकली जातात. ‘रक्त पातळ होते, नसा मोकळ्या होतात,’ असे विकणारा सांगतो. गट ऑफिसात गेलो की सभासद आम्हांस विचारतात, ‘घ्यावं का हो हे?’ म्हणून हा लेखप्रपंच.

यातले सर्वांत गाजलेले एन्झाइम म्हणजे नॅटोकायनेज. जपानात सोयाबीन शिजवून, जिवाणूंनी आंबवून ‘नॅटो’ नावाचा चिकट, तार सुटणारा पदार्थ करतात. त्यातील या एन्झाइमाची माहिती हिरोयुकी सुमी व सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेच्या बशीत ते गुठळी विरघळवते, हे खरे. पण बशी वेगळी आणि माणूस वेगळा. आपण गिळलेले बहुतेक प्रथिन पोटात डाळीसारखे पचून जाते. अमेरिकेत २६५ निरोगी लोकांवर सुमारे तीन वर्षे याची चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०२१ साली आला. मानेतील रक्तवाहिनीचा थर जाड होण्याच्या वेगात कॅप्सूल घेणारे व न घेणारे यांच्यात फरक दिसला नाही.

मग गुठळी विरघळवायची कल्पनाच खोटी का? तसे नाही. हृदयविकाराच्या झटक्यात शिरेतून देतात ते स्ट्रेप्टोकायनेज आपल्या रक्तातलेच गुठळी विरघळवणारे एन्झाइम जागे करते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या, १७,१८७ रुग्णांच्या चाचणीत त्याने पाच आठवड्यांतील मृत्यू सुमारे चतुर्थांशाने कमी केले. सोबत ॲस्पिरिन दिल्यावर ही घट ४२ टक्के झाली. पण ते काम दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली आणि पहिल्या काही तासांत करायचे असते. कारण गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावही घडवू शकते.

आता धोक्याचे बोलू. ज्यांची झडप बदलली आहे, ज्यांना स्टेंट बसवला आहे, जे वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन घेतात, त्यांनी ही कॅप्सूल आपल्या मनाने जोडू नये. रक्तस्रावाची जोखीम वाढते. त्याहून वाईट म्हणजे ‘हे नैसर्गिक आहे’ म्हणून डॉक्टरांची गोळी बंद करणे. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेतते. आपल्या देशाच्या नियमानुसार अशा पूरक पदार्थांच्या डबीवर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापावे लागते. विकणारा काहीही सांगो, डबी काय सांगते ते वाचा.

आम्ही कोणाच्या धंद्याच्या आड येत नाही. पण ऊसबिलाचा पैसा घामाचा आहे. तो डबीवर घालण्याआधी बिडी, तंबाखू व मिश्री सोडा. त्याला उलट पैसे वाचतात. लोणचे, पापड व वरून मीठ कमी करा. रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ती सोय आहे. चालू गोळ्या बंद करायच्या तर डॉक्टरांना विचारूनच.

आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, असे काही झाले की ‘गॅस असेल’ म्हणून ओवा चघळत बसू नका. १०८ ला फोन करा. तोडलेल्या उसाला गाळपाची जेवढी घाई, त्याहून जास्त घाई इथे आहे. ऊस वाळला तर वजन जाते, इथे घरातला माणूस जातो.