एक अबोल कुत्रं हवं होतं

घरात कुत्रं आणायचं ठरलं तेव्हा माझी अट एकच होती. ते भुंकणारं नको. धाराशिवच्या बाजारात ज्याला सांगावं तो हसायचा. एकानं तर, "साहेब, मग ससा पाळा की," असा फुकटचा सल्लाही दिला.

अट माझी म्हणण्यापेक्षा आईची. आमचं गाव सास्तूरजवळचं. २९ सप्टेंबर १९९३ ला गणपती बोळवून माणसं झोपली आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंपानं गावंच्या गावं आडवी केली. मी तेव्हा दूरच्या शाखेत नोकरीवर होतो. आई मातीच्या ढिगाखालून जिवंत निघाली. त्या रात्री गल्लीतली कुत्री सारखी भुकत होती, असं ती आजही सांगते. कुत्र्यांना भूकंप आधी कळतो की नाही, याचा निकाल शास्त्रज्ञांनी अजून लावलेला नाही. आईनं केव्हाच लावला आहे. पंचाऐंशी वर्षांची झाली तरी रात्री कुठं कुत्रं भुंकलं की ती उठून दाराशी जाऊन बसायची.

मग कुत्रं हवंच कशाला? घर वस्तीच्या टोकाला, मुलं पुण्याला, घरात आम्ही तीन म्हातारी. शिवाय गंमत म्हणजे आईलाही ते हवंच होतं. कुत्र्याशिवाय ओसरी ओकीबोकी वाटते, असं तिचं म्हणणं.

भुंकण्याचा अनुभव आम्हाला होता. बदल्यांच्या काळात एक पांढरंशुभ्र पॉमेरेनियन पाळलं होतं. (आपल्याकडे या नावानं विकली जाणारी बहुतेक कुत्री इंडियन स्पिट्झ असतात, हे मला फार उशिरा कळलं.) दूधवाला, पोस्टमन, वाऱ्यानं हललेला पडदा, कुणालाही त्यानं सोडलं नाही. पाहुणे चहा न घेताच निघायचे. भीक नको पण कुत्रं आवर, ही म्हण आमच्या दारात रोज खरी व्हायची.

या वेळी मी कर्जप्रकरण तपासावं तसा अभ्यास केला. लॅब्राडोर स्वभावानं गोड, पण आमच्या मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत तो जीव धापा टाकत राहणार. आफ्रिकेतलं बसेंजी भुंकत नाही, असं वाचलं. पुढचं पान उलटलं तर ते भुंकण्याऐवजी गळा काढतं! तो नाद तिथंच सोडला.

शेवटी ओळखीच्या पशुवैद्यकांनी कारवानीचं नाव घेतलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा. लातूर जिल्ह्यातलं चाकूर तालुक्यातलं जानवळ या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं; आणि १९८२ पर्यंत लातूर आमच्याच जिल्ह्यात होतं. याच रक्ताची कुत्री मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली आणि तिकडे त्यांना मुधोळ हाउंड हे नाव मिळालं. २००५ मध्ये त्यांचं चित्र पोस्टाच्या तिकिटावरही आलं. कान, पाय आणि शेपटीला झुलती लव असेल तर आपल्याकडे त्याला पश्मी म्हणतात.

हे कुत्रं शांत का, याचं कारण त्याच्या धंद्यात आहे. नाकानं माग काढणारी शिकारी कुत्री मागावर असताना ओरडत जातात, म्हणजे मालकाला ठिकाण कळतं. कारवानी डोळ्यांनी शिकार करतं. सावज दिसलं की सुटायचं. ओरडायला श्वास शिल्लक कुठं असतो? काम नसेल तेव्हा ते निवांत पडून राहतं. परक्यानं अंगाला हात लावलेला मात्र त्याला खपत नाही.

जानवळला गेलो तेव्हा पिलांपेक्षा त्यांच्या आईकडे मी जास्त वेळ बघत बसलो. कर्ज देताना जामीनदार बघायची सवय! आम्ही फाटकात शिरलो तेव्हा ती उभी राहिली, आम्हाला न्याहाळलं आणि पुन्हा सावलीत जाऊन बसली. मग तिचं फिक्या रंगाचं एक पिलू घेतलं. लोक जात विचारतात, किंमत विचारतात. पिलाची आई कशी वागते, हे क्वचितच कुणी बघतं.

आईनं त्याचं नाव ठेवलं मुक्या.

ही शांतता बिनव्याजी नाही. रोज पहाटे हप्ता भरावा लागतो. चार दिवस पावसानं बाहेर काढता आलं नाही, तर मुक्यानं माझ्या नव्या कादंबरीची अकरा पानं फाडली. (ती कमकुवतच होती, असं सौ.चं मत.) दिवसभर साखळीला बांधलेलं कारवानी कंटाळून भुंकणारच. हातलाईच्या बाजूला मी त्याला नेतो, पण कुंपणाआडच्या मोकळ्या जागेतच सोडतो. ससा किंवा हरीण दिसलं तर हाक मारून ते परतत नाही आणि १९७२ च्या कायद्यानं ती शिकार गुन्हा आहे.

सव्वा वर्षात मुक्या रात्री एकदाच भुंकला. दोनचा सुमार असेल. आईच्या काळजीनं मी धावत तिच्या खोलीत गेलो. बाहेर, शेजाऱ्यांचा जावई पुण्याच्या बसमधून उतरून अंधारात चुकून आमचंच फाटक उघडत होता. आई अंथरुणातच होती.

"कोन आलंय बघ," ती म्हणाली. "त्यो उगा भुकत नाही."

आणि कूस बदलून झोपली.