पत्त्यांची यादी आणि घरांतील गूढपुरुष

आमच्या कुलमंडळाचें त्रैमासिक वार्तापत्र कित्येक वर्षें छापून टपालानें जात असे. कुलवृत्तांताची पुरवणी, जन्म-मृत्यूंच्या नोंदी, गुणवंत मुलांचे सत्कार आणि वर्षांतून एकदां कुलदेवतेच्या उत्सवाचा जमाखर्च, एवढाच त्याचा मजकूर. परंतु त्याची वाट पाहणारीं माणसें पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेलीं आहेत. छपाईचा व टपालाचा खर्च मंडळाच्या शिलकेस झेपेना, तेव्हां तीन वर्षांपूर्वीं वार्षिक सभेंत असा ठराव झाला कीं, यापुढें अंक ई-मेलनें पाठवावा. शाळेंतून निवृत्त झालेला मनुष्य रिकामा असतो अशी सर्वांची समजूत असल्यामुळें हें काम माझ्या गळ्यांत पडलें. तें करतांना मीं दोन चुका केल्या. एकीचें हंसें झालें; दुसरीमुळें एका वृद्ध बाईंचे पैसे गेले.

नांवें गोळा करणें फार सोपें असतें, हाच त्यांतील धोका. माझ्या पुतण्यानें एका संध्याकाळीं पावणेचारशें पत्ते आणून माझ्यापुढें ठेवले. कांहीं लग्नांच्या आमंत्रणांच्या यादींतले, कांहीं एका गृहनिर्माण संस्थेच्या सभासदपत्रकांतले, कांहीं फोनवरील नातेवाइकांच्या गटांतले. मीं हर्षित होऊन पहिला अंक सर्वांस धाडला, आणि तोहि असा कीं, प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकास दिसावा! ई-मेलच्या पानावर गुप्त प्रतीचा, बी.सी.सी. नांवाचा, एक वेगळा रकाना असतो व त्यांत घातलेले पत्ते इतरांस दिसत नाहींत, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. दुसऱ्याच दिवशीं विम्याचा धंदा करणाऱ्या एका दूरच्या जांवईबापूंनीं ती आयती यादी उचलली आणि साऱ्या कुलास आयुर्विम्याचें महत्त्व समजावून सांगण्यास आरंभ केला. त्यांस उत्तर देणाऱ्यांनीं सर्वांनाच उत्तरें धाडलीं, त्यांवर प्रत्युत्तरें आलीं, आणि आठ दिवस जो पत्रसंग्राम माजला त्यांत जमिनीचा एक जुना तंटाहि पुन्हां वर आला.

माझी चूक कांहीं नवीन नव्हती. १९७८ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट ह्या संगणक-कंपनीचे एक विक्री-अधिकारी गॅरी थुर्क ह्यांनीं, आर्पानेट नांवाच्या तेव्हांच्या जाळ्यावरील सुमारें चारशें लोकांस आपल्या नव्या यंत्रांची जाहिरात एकदम पाठविली. पत्ते छापील निर्देशिकेंतून उतरून घेतले होते. ते इतके झाले कीं, पत्त्यांच्या रकान्यांत मावेनात, व उरलेले मजकुरांत सांडले. तक्रारींचा भडिमार झाला. न विचारतां पाठविलेल्या ढीगभर ई-मेलचा तो पहिला प्रकार मानला जातो.

पुढील अंकापूर्वीं मीं ती यादी पुसून टाकली. आतांची रीत अशी कीं, ज्यास अंक हवा त्यानें आपला पत्ता आपल्या हातानें लिहून द्यावा. त्या पत्त्यावर प्रथम अंक जात नाहीं, एक छोटें पत्र जातें. त्यांतील दुव्यावर त्यानें टिचकी मारली तरच नांव यादींत चढतें. ह्यानें लिहिण्यांतल्या चुका आपोआप गळतात आणि दुसऱ्याच्या नांवें केलेली थट्टाहि चालत नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांनीं 'घाला आमच्या पंधरा जणांचीं नांवें' असें सांगण्याची चाल आहे. ती येथें चालूं देऊं नये. सुनेचा पत्ता सुनेनेंच द्यावा. तिला अंक नको असेल तर तो तिचा प्रश्न आहे. २०२३ सालीं आपल्या संसदेनें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा संमत केला, त्यांतहि संमति मोकळेपणानें दिलेली असावी आणि ती परत घेणें देण्याइतकेंच सोपें असावें, असें तत्त्व आहे. म्हणून प्रत्येक अंकाच्या तळाशीं नांव काढून टाकण्याचा दुवा असतो. तो नसला तर कंटाळलेला मनुष्य 'हें पत्र कचरा आहे' अशी खूण करतो, आणि अशा खुणा वाढल्या म्हणजे ज्यांस अंक हवा आहे त्यांच्याहि कचरापेटींत तो जाऊन पडूं लागतो. गूगल व याहू ह्यांनीं फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रें धाडणारांस हा दुवा सक्तीचा केला आहे. ह्या रीतीनें आमची यादी वाढण्यास वेळ लागला. पहिल्या सहा महिन्यांत अवघीं एकशें साठ नांवें झालीं. पण तीं खरीं होतीं.

आतां दुसरी चूक. आमच्या जुन्या अंकांचा मजकूर जुन्या धाटणीच्या फाँटांत होता. तो आजच्या युनिकोडमध्यें आणण्यासाठीं मीं एका अनोळखी संकेतस्थळावरून फुकटची एक प्रणाली संगणकावर उतरवून घेतली. तिनें काम चोख केलें. संगणक किंचित् मंदावला, पण मीहि मंदावलों आहें, म्हणून मीं तिकडे लक्ष दिलें नाहीं.

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत गूढपुरुषांचे प्रकार सांगितले आहेत. त्यांत कोणी तापसाच्या वेषांत, कोणी व्यापाऱ्याच्या, तर कोणी साध्या गृहस्थाच्या वेषांत वावरतो. ज्यास इंग्रजींत स्पायवेअर म्हणतात तो हा गृहस्थवेषधारी हेर होय. तो दार फोडून येत नाहीं. आपणच त्यास उपयोगी पाहुणा म्हणून घरांत घेतों. मग आपण दाबलेली कळ न् कळ तो टिपतो, संगणकानें लक्षांत ठेवलेले पासवर्ड उचलतो, आणि सारें मुकाट्यानें धन्याकडे पोंचवितो. माझ्या ई-मेलचा पासवर्ड असाच गेला, आणि त्याबरोबर यादीहि.

मिरजेस माझ्या एक आत्याबाई आहेत, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांस माझ्या खात्यावरून पत्र गेलें कीं, मी रुग्णालयांत आहें, घरांत कोणास सांगूं नये, आणि अमुक क्रमांकावर पंधरा हजार रुपये तांतडीनें पाठवावेत. पत्राच्या आरंभीं 'सा. न. वि. वि.' असें होतें. चोरानें तें माझ्याच जुन्या पत्रांतून उचललें होतें. पण आत्याबाईंस वाटलें कीं, हीं अक्षरें परका मनुष्य कोठून आणील? त्यांनीं नातीच्या फोनवरून पैसे पाठविले आणि माझी अब्रू जाऊं नये म्हणून तीन दिवस ब्र काढला नाहीं. १९३० ह्या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळविलें तर असे पैसे वाटेंत अडविण्याची कांहीं आशा असते. तीन दिवसांनंतर ती राहिली नव्हती.

ओळखीच्या नांवाचा असा गैरफायदा घेण्याची युक्ति तशी जुनी आहे. मार्च १९९९ मध्यें मेलिसा नांवाचा विषाणु एका दस्तऐवजांतून पसरला. तो संगणकांतील पत्त्यांच्या वहींतील पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःला पाठवी. ४ मे २००० रोजीं फिलिपीन्समधील मनिला येथून निघालेलें 'प्रेमपत्र' तर वहींतील सगळ्याच पत्त्यांवर जाई, आणि जोडीला पासवर्ड चोरणारी प्रणालीहि ओढून आणी. लोकांनीं तें उघडलें, कारण पाठविणारा ओळखीचा होता.

प्रकार कळतांच मीं संगणक जाळ्यापासून तोडला आणि पासवर्ड बदलले ते मुलाच्या फोनवरून. हेर बसलेल्या यंत्रावर नवा पासवर्ड लिहिणें म्हणजे त्याच्या हातीं नवी किल्ली देणें. प्रथम ई-मेलचा बदलावा, कारण बँकेपासून साऱ्या खात्यांच्या किल्ल्या त्या पेटींत येतात. मुलानें एक गोष्ट शोधून काढली ती मला कधींच सुचली नसती: चोरानें माझ्या खात्यांत असा नियम करून ठेवला होता कीं, येणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत त्यासहि जावी. पासवर्ड बदलूनहि हा नियम राहतोच. तो शोधून काढावा लागतो. त्यानंतर पासवर्डासोबत फोनवर येणारा आंकडा मागणारी दुहेरी तपासणी चालू केली आणि संगणक पुसून विंडोज नव्यानें बसविलें. जुन्या यंत्रांविषयीं एवढें सांगतों कीं, विंडोज १० ची नेहमीची डागडुजी मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली आहे. संरक्षक प्रणाली विकत घेणारांस पुण्याच्या काटकर बंधूंची क्विक हील परिचित आहेच. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रानेंहि २०१७ पासून कांहीं साधनें विनामूल्य ठेविलीं आहेत. घरांत एकच संगणक असेल तर मुलांचें खातें निराळें करावें व त्यास नवी प्रणाली बसविण्याचा अधिकार देऊं नये. माझ्या बाबतींत तो अधिकार माझ्याच हातून काढून घेणें इष्ट होतें. तसा तो आतां काढलेला आहे.

यादींतहि बदल केला. पूर्वीं तिच्यांत जन्मतारखा, माहेरचीं नांवें, मूळ गांव, सारें एकत्र होतें. कुलवृत्तांतास हें भूषण आहे. पण बँका खातेदाराची ओळख पटवितांना कित्येकदां हेंच विचारतात. आतां पत्रें पाठविण्याच्या यादींत नांव व ई-मेल ह्यांपलीकडे कांहीं नसतें.

झाला प्रकार मीं सर्वांस लिहून कळविला. एकोणतीस जणांनीं आपलीं नांवें काढून घेतलीं. पैसे देऊं केले ते आत्याबाईंनीं घेतले नाहींत. त्यांचें नांव मीं आपण होऊनच काढलें होतें, तों चैत्राचा अंक निघाल्यावर त्यांचा फोन आला, "अरे बाळू, मला अंक कां नाहीं पाठविलास?" मीं सांगितलें कीं, एक पत्र येईल, त्यांतल्या दुव्यावर टिचकी मारावी लागेल. "दुव्याला हात लावायचा नाहीं असें तूंच ना लिहिलेंस?" त्यांचें म्हणणें बरोबर होतें. मग फोन तसाच चालू ठेवून मीं पत्र पाठविलें, पाठविणाऱ्याचा पत्ता एकेक अक्षर वाचून दाखविला, त्यांनीं तो चष्मा लावून ताडून पाहिला, आणि नंतरच टिचकी मारली.