अंडी बाजाराला, मग लेकरांच्या ताटात काय?



आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळच्या एस.टी.ला उभ्या असलेल्या आयाबाया पाहा. टोपलीत भुशावर जपून मांडलेली गावरान अंडी असतात. भाव चांगला मिळतो, मीठ-मिरचीचा खर्च निघतो. परतताना मात्र त्याच पैशातून नातवासाठी बिस्किटाचा पुडा येतो. म्हणजे घरचं सकस विकलं आणि मैदा-साखर विकत आणली! हा व्यवहार एकदा तपासून पाहायला हवा.

एका अंड्यात काय असते?

साधारण ५० ग्रॅम वजनाच्या अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रतीची प्रथिने असतात. उष्मांक ७० ते ७५. शिवाय 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्व, मेंदूच्या वाढीला लागणारे कोलीन आणि बी-१२. हे बी-१२ भाजी-भाकरीतून मिळत नाही. दूध, अंडी, मांस, मासळीतूनच मिळते. बलक काढून फक्त पांढरे खाल, तर यातले बरेचसे टाकून द्याल. अंड्यात 'क' जीवनसत्त्व आणि चोथा मात्र नसतो. म्हणून सोबत पालेभाजी, लिंबू, पेरू हवेच.

काही गैरसमज

'अंडं उष्ण, उन्हाळ्यात खाऊ नये' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. याला शास्त्राचा आधार नाही. उन्हाळ्यात त्रास होतो तो बहुधा उन्हात राहून खराब झालेल्या अंड्याने. शंका आली तर अंडे पाण्यात सोडा. ताजे तळाशी आडवे बसते, जुने उभे राहते, फार जुने तरंगते. तरंगणारे फेकून द्या.

तालमीतली पोरं कच्ची अंडी दुधात फेटून पितात. यात तोटाच आहे. शिजलेल्या अंड्यातले सुमारे ९० टक्के प्रथिन अंगी लागते, कच्च्यातले जेमतेम निम्मे. वर साल्मोनेला जंतूंमुळे जुलाब, ताप यांची भीती. अंडे बलक घट्ट होईपर्यंत उकडूनच खावे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लोकांनी अंडी खाणेच सोडले होते. पण तो विषाणूही ७० अंश सेल्सिअसला नीट शिजवल्यावर मरतो.

कवचाच्या रंगावर ताकद ठरत नाही, रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. गावरान अंड्याची चव आवडत असेल तर जरूर खा. पण पांढऱ्या 'इंग्लिश' अंड्यातही प्रथिने तशीच असतात. कोंबडीला औषध दिले असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपेपर्यंत तिची अंडी खाऊ नका, विकूही नका.

किती खावीत?

एका बलकात सुमारे २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, म्हणून पूर्वी फार धाक घातला जाई. पण रक्तातले बरेचसे कोलेस्टेरॉल आपले यकृतच बनवते. २०१५ साली अमेरिकेनेही आहारातील ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा काढून टाकली. निरोगी माणसाला रोज एक अंडे चालते. मधुमेह किंवा हृदयविकार असेल त्यांनी डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे. तेलात थबथबलेले आम्लेट रोज खाऊन दोष अंड्याला देऊ नका.

बाळाला सहा महिन्यांनंतर वरच्या आहारात चांगले शिजवलेले अंडे थोडे थोडे देता येते. अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली तर थांबवा आणि दवाखान्यात दाखवा. काही मुलांना अंड्याची ॲलर्जी असते. ज्यांच्या घरी अंडे चालत नाही त्यांनी दूध, डाळी, शेंगदाणे वाढवावेत. सक्ती कोणावर नाही.

गावकारभाऱ्यांना विनंती

आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून २०१६ पासून अंगणवाडीतल्या बालकांना अंडी देण्याची तरतूद झाली. सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी अधूनमधून अंगणवाडीत डोकावावे. अंडे आले का, ताजे आहे का, पोराच्या पोटात गेले का, हे पाहावे. नुसत्या रजिस्टरवरच्या सहीने कुपोषण हटत नाही.

आणि माय-बहिणींनो, एवढेच करा. दारात पाच कोंबड्या असतील तर आठवड्याची निदान चार-पाच अंडी घरच्या लेकरासाठी, गरोदर सुनेसाठी बाजूला काढा. उरलेली खुशाल बाजाराला न्या. चार पैसे कमी येतील खरे, पण दवाखान्याची पायरी चढायचा खर्चही वाचेल.